आखडता हात

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची पहाट. आई उठली तेव्हा अप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. पांघरूण सारायला उजवा हात उचलायला जात होते आणि तो उठत नव्हता. मग डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं, हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. गिऱ्हाईक दुकानात काही विसरून गेलं की त्या वस्तूकडे ते असंच बघायचे. आईला म्हणाले, "हे बघ गं, काय झालंय." शब्द जिभेवर घसरत होते. आईनं मला फोन केला तेव्हा तिला एवढंच सांगता आलं, "अप्पांचा हात गेला."

मी सांगलीत राहते. मिरजेत पोचले तोवर शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मी आयुष्यभर विसरणार नाही : "शेवटचे धडधाकट कधी दिसले?" रात्री सव्वादहाला. दाराला कडी लावलीय का, असं विचारून झोपले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत झटका आला तर घड्याळ मोजायचं ते माणूस शेवटचा नीट दिसला तिथपासून. निवडक रुग्णांना उशिराही काही उपचार देता येतात, पण अप्पा त्यांत बसत नव्हते. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला काळसर डाग दिसत होता. डाव्या मेंदूचे मज्जातंतू मानेच्या वर एकमेकांना ओलांडून उजव्या अंगाला जातात, म्हणून उजवा हात. त्या बाजूची मधली धमनी तोंड आणि हात यांच्या भागाला रक्त पुरवते, पायाचा भाग बराचसा दुसऱ्या धमनीवर असतो. त्यामुळे अप्पा आठवड्याभरात आधारानं चालायला लागले आणि हात मात्र ओल्या पंच्यासारखा लोंबत राहिला.

कुणाचं तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ बघा आणि निघा. बरं वाटतंय का बघू, साखर-पाणी देऊन बघू, असं म्हणत बसू नका. हे मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

अप्पा शिंपी आहेत. मिरजेत चव्वेचाळीस वर्षं दुकान. शर्ट, पँट, लेंगे, नेहरू शर्ट, आणि मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश. त्यांची कापायची कात्री चांगली हातभर लांब आणि वजनाला इतकी जड, की लहानपणी मला ती दोन्ही हातांनीही नीट धरता येत नसे. कापड बेतताना ते एकदाच खडूची रेघ मारायचे आणि कात्री अशी चालवायचे की कापड आपोआप दुभंगतंय असं वाटायचं. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीच्या कडीनं पडलेला घट्टा आहे. दवाखान्यात त्यांचा हात हातात घेऊन बसले की माझं बोट त्या घट्ट्यावर जायचं. हात मऊ, गार, निर्जीव, आणि घट्टा तेवढा टणक.

आमच्याकडे या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. भेटायला येणारे सगळे उपाय सांगायचे. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी कर्नाटकातल्या एका गावी घेऊन जायला. ते आम्ही केलं नाही. पण एक चूक मी स्वतः केली आणि ती कुठल्याही गावठी उपायापेक्षा वाईट होती. चौथ्या-पाचव्या दिवशी अप्पांना उठवून बसवताना मी त्यांच्या उजव्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. खांद्याचं हाड उथळ खोबणीत बसलेलं असतं, भोवतीचे स्नायू त्याला धरून ठेवतात. ते स्नायूच ढिले पडले की हाताच्या वजनानं सांधा खाली सरकतो. अप्पांचा खांदा बोटभर उतरला होता. मी त्याच खांद्याला हिसका दिला. पुढे दोन महिने त्यांना त्या खांद्याच्या कळा येत होत्या, रात्री कुशीवर होता येत नव्हतं. नर्सबाईंनी मला शांतपणे दाखवलं : हाताखाली कायम उशी, उचलायचं तर कमरेला धरून, हात कधीही ओढायचा नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं नेमका तोच हात धरून हलवायचा. शेवटी आईनं कापडाच्या तुकड्यावर 'हात ओढू नका' असं लिहून ते पलंगाला बांधलं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस अप्पांना जांभई आली आणि तो निपचित हात आपोआप छातीपर्यंत वर आला. आई किंचाळलीच. तिनं देवाला साखर ठेवली. जांभई संपली, हात खाली पडला. "आता उचला बघू," म्हटलं तर काही नाही. थेरपीच्या मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा आईनं हे अशा आशेनं सांगितलं की मॅडम क्षणभर गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या की हे अर्धांगवायूच्या पुष्कळ रुग्णांत दिसतं. जांभईची वाट मेंदूतून वेगळी, मनाने हात हलवायची वाट वेगळी. एकीची तार दुसरीला जोडलेली नाही. आईचा चेहरा उतरला. पण मॅडमनी एक वाक्य जोडलं : "स्नायू जिवंत आहेत, एवढं मात्र त्यानं दाखवलं."

मग हात कडक व्हायला लागला. ढिला हात होता तेव्हा आम्हाला तो कधी एकदा घट्ट होतोय असं झालं होतं. घट्ट झाला तो असा, की कोपर दुमडलं, मूठ वळली, अंगठा मुठीच्या आत गेला. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आई त्यांच्या मुठीत मऊ रुमालाची गुंडाळी ठेवायची. हात वर करायला सांगितलं की खांदा कानाकडे जायचा, कोपर वाकायचं, बोटं आणखी घट्ट मिटायची. एकाला बोलावलं की सगळं कुटुंब उठून यायचं. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम नावाच्या, स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी असे शेकडो हात बघून या परतीच्या वाटेचे टप्पे लिहून ठेवले आहेत : आधी ढिला हात, मग हा सगळ्यांनी एकदम उठण्याचा कडकपणा, मग हळूहळू एकेक हालचाल त्यातून सुटी होणं. काहींचा हात मध्येच एखाद्या टप्प्यावर थांबतो. मॅडमनी हे लपवलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खंडेनवमीला दुकानातली मशीन, कात्री, टेप घरी आणून पूजा केली. दरवर्षी अप्पा कात्रीला हळद-कुंकू लावायचे. या वर्षी त्यांनी डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं, कात्रीपाशी नेलं आणि तसंच थांबले. आम्ही सगळे उभे. मग त्यांनी आईला खूण केली, तूच लाव. त्या रात्री ते जेवले नाहीत.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण आमचं खरं चुकत होतं ते तिथं. उजवा हात गेलेला माणूस डाव्या हातानं जेवू शकतो, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे डाव्या हाताची कामं वेगळी. सत्तरीतल्या माणसानं चार लोकांत डाव्या हातानं घास घ्यायचा, म्हणजे त्याला रोज एकदा तरी मेल्यासारखं होतं. अप्पांनी ते नाकारलं. मग आई भरवायला लागली. आई नसेल तेव्हा मी. भात कालवून, घास करून, तोंडाशी. दाढी माझा नवरा करून द्यायचा. गुंड्या मी लावायची. चप्पल नातीनं पायात सरकवायची. घरात आम्ही चौघं होतो आणि चौघंही अप्पांच्या दिमतीला. कुणी आलं की म्हणायचं, "काय सेवा करताय हो!" आणि मला बरं वाटायचं. खांद्याला हिसका दिल्याचं पाप फिटतंय असं वाटायचं.

मॅडम एक दिवस दुपारी जेवायच्या वेळी आल्या. मी भरवत होते. त्या दारात उभं राहून बघत राहिल्या. मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. "ताई, तुम्ही त्यांचा हात झालात, तर त्यांच्या हाताला कशाला यावंसं वाटेल?"

मला राग आला. खूप राग आला. रात्रभर मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते.

पुढच्या खेपेला त्यांनी एडवर्ड टॉब या अमेरिकी संशोधकाची गोष्ट सांगितली. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या. माकडं तो हात वापरेनाशी झाली. हलवता येण्यासारखा होता, तरीही. मग चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा ती दुसऱ्या हातानं खायला लागली. सुरुवातीला हात चालत नव्हता तेव्हा माकडं शिकली होती की हा निकामी आहे, आणि पुढे तो चालण्याजोगा झाला तरी ते शिकणं तसंच राहिलं. त्या मुक्या जनावरांचे फार हाल झाले, 1981 मध्ये त्यावरून अमेरिकेत मोठं प्रकरण झालं, आणि मला ते ऐकताना पोटात कालवलं. पण त्यांच्या त्या यातनांमधून जी गोष्ट कळली ती आमच्या घरातल्या पलंगावर बसलेली होती. अप्पांच्या मेंदूला रोज दहा वेळा आम्हीच शिकवत होतो की हा हात नाही.

मराठीत हात आखडता घेणं हे कंजूष माणसाचं लक्षण. मला ते शिकावं लागलं. अप्पांचा आखडलेला हात उलगडायचा तर माझा हात आखडता घ्यायला हवा होता, आणि ते भरवण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. अप्पा शर्टाच्या पहिल्या गुंडीशी बारा-बारा मिनिटं झगडतात, कपाळावर घाम येतो, आणि आपण समोर बसून ते बघायचं. मी अक्षरशः माझे तळहात मांडीखाली घेऊन बसायची. आईला ते जमायचं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची. एकदा मावशी आली होती, ती म्हणाली, "पोटची पोर अशी बघत बसते!" मी काही बोलले नाही.

मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. नोकरी-धंदा मिळवून देण्याशी या शब्दाचा संबंध असावा अशी माझी समजूत होती. माणसाची रोजची कामं हेच औषध, असा तो विषय आहे. आपल्याकडे त्याचं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते अमेरिकेत जन्मलेल्या आणि इथल्या निंबकर घराण्यात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी. फलटण आमच्यापासून काही फार लांब नाही, निंबकरांचं नाव शेतीच्या संदर्भात मी लहानपणापासून ऐकलेलं. हे नाव अप्पांच्या हातापर्यंत येऊन पोचेल असं वाटलं नव्हतं.

तर मॅडमनी रबरी चेंडू बाजूला ठेवला. चेंडू दाबत बसलं की आधीच मिटणारी मूठ आणखी मिटते, म्हणाल्या. त्यांनी विचारलं, दुकानात काय काय असतं? मी बटणांचा डबा आणला. पत्र्याचा जुना बिस्किटांचा डबा, त्यात चाळीस वर्षांची उरलेली बटणं : कोटाची मोठी, शर्टाची पांढरी, कुठल्या कुठल्या गणवेशांची. दोन वाट्या. एकीतून उचलायचं, दुसरीत सोडायचं. सुरुवात कोटाच्या बटणांपासून, कारण ती जाड.

मोजायचं काम माझ्याकडे होतं. मॅडमनी सांगितलं होतं की 2009 च्या एका पाहणीत, थेरपीच्या एका बैठकीत हाताची उपयोगी हालचाल सरासरी फक्त बत्तीस वेळा होते असं आढळलं, आणि प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूचा नकाशा बदलताना दिसला त्यांत ती दिवसाला काहीशे वेळा होत होती. काहीशे! आमच्या पहिल्या दिवशीचा आकडा वहीत आहे : सहा. सहा बटणं, चाळीस मिनिटं. आणि ती सहाही वाटीत नीट सोडता आली नव्हती, हात झटकून पाडली होती. ही वही म्हणजे अप्पांचीच मापांची वही. उलट बाजूनं सुरू केलेली. एकीकडे छाती, कंबर, बाही, आणि दुसरीकडे 6, 9, 8, 15.

धरण्यापेक्षा सोडणं अवघड असतं, हे मला या वर्षी कळलं. पेला धरला की धरलाच. बोटं उघडायचा हुकूम पोचतच नाही, जितका जोर लावावा तितकी मूठ आवळते. अप्पा डाव्या हातानं एकेक बोट सोडवून पेला काढून घ्यायचे. त्यासाठी मॅडमनी आरसा वापरला. दुकानातला कपडे घालून बघायचा उभा आरसा होता, तो आडवा करून टेबलावर दोन हातांच्या मध्ये उभा केला. उजवा हात आरशामागे झाकलेला. अप्पांनी आरशात बघत डावा हात उघडायचा-मिटायचा. आरशात दिसतो तो उजवा हात, आणि तो छान उघडतोय. रामचंद्रन नावाच्या मेंदूशास्त्रज्ञांनी हात कापलेल्या माणसांच्या वेदनांसाठी ही युक्ती आधी काढली, मग 1999 मध्ये अर्धांगवायूच्या नऊ रुग्णांवर ती करून बघितलेली छापून आली. प्रत्येकाला तिचा सारखाच उपयोग होतो असं नाही. अप्पांना झाला की नाही हे मी छातीठोक सांगणार नाही. एवढं सांगते की पहिल्यांदा आरशात तो उघडणारा हात बघून ते हसले. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू. आणि लगेच रडले. या आजारात रडू फार लवकर येतं, तेही मेंदूतूनच येतं, असं सांगितलं होतं. पण त्या दिवशीचं रडू मेंदूचं होतं असं मला वाटत नाही.

संक्रांतीला पाच महिने झाले. वहीत 140 चा आकडा लागला होता. लहान मुलं तिळगुळाला आली. अप्पा खुर्चीत बसलेले. आईनं ताट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी उजव्या हातानं एक लाडू उचलला. उचलणं आम्हाला नवं नव्हतं. समोर सतारमेकर चाचांची नात हात पसरून उभी होती. अप्पांचा हात तिच्या तळव्यावर जाऊन थांबला. लाडू चिकट, बोटं घट्ट. ती पोरगी चार-पाच वर्षांची, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती हात पसरून नुसती उभी राहिली. मी तळहात मांडीखाली घेतले. बराच वेळ गेला. मग आधी अंगठा हलला. मग पहिलं बोट. लाडू सुटला, अर्धा तिच्या हातात आणि थोडा अप्पांच्या बोटांना चिकटलेला. "गोड बोल," अप्पा म्हणाले. स्वच्छ म्हणाले.

ती पळून गेली. अप्पा बोटांना चिकटलेला गूळ चाटत होते. उजव्या हाताचा.

चाचांचं सांगते. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणारी घरं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, पुढे वाद्यांकडे वळलेले. अप्पा आणि चाचा यांची चहाची दोस्ती. चाचा येऊन बटणांचा खेळ बघायचे. एक दिवस ते भला मोठा भोपळा घेऊन आले. तंबोऱ्याचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो तो वाळवलेला कडू भोपळा. सोबत पॉलिशपेपर. म्हणाले, "मास्तर, बसून राहता तर माझं काम करा." मी मॅडमना विचारलं. त्यांना आनंदच झाला. हात पुढे नेऊन, कोपर लांब करून, वजन देऊन घासायचं, हीच हालचाल अप्पांच्या वळलेल्या कोपराला हवी होती. त्यांच्या विभागात त्यासाठी उताराची लाकडी फळी असते. आमच्याकडे तंबोरा आला. पाडव्यापर्यंत अप्पांनी चार भोपळे घासले. चाचांनी त्यांना त्याचे पैसे दिले, आणि अप्पांनी ते घेतले. या पैशांबद्दल मी चाचांची जितकी कृतज्ञ आहे तितकी क्वचितच कशाची असेन.

पाडव्यानंतर डावा हात बांधायची वेळ आली. ती मुभा सगळ्यांना नसते, मनगट आणि बोटं काही अंश तरी उचलता यायला हवीत. अमेरिकेत या पद्धतीची मोठी चाचणी झाली, 2006 मध्ये ती छापली गेली : झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले 222 लोक, दोन आठवडे, चांगल्या हातावर जाड हातमोजा आणि दिवसाचे बरेच तास दुबळ्या हाताकडून सराव. आमचे साडेसात महिने झाले होते. आईनं जुन्या धोतराची जाड पिशवी शिवली, डाव्या हातात चढवायला. पायमशीनवर बसून शिवली. तिला शिवण अप्पांनीच शिकवलेली. त्यांनी ती पिशवी उलटसुलट करून बघितली आणि टाके मोठे पडलेत असं सांगितलं.

ते चौदा दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. अप्पा चिडायचे. पिशवी फेकून द्यायचे, पाच मिनिटांनी स्वतःच दातांनी ओढून चढवायचे. पहिल्या दिवशी शिरा उजव्या हातानं खाताना निम्मा सांडला. मॅडमनी मुद्दाम शिऱ्यापासून सुरुवात करायला सांगितली होती, घास चिकटून राहतो म्हणून. मग मऊ भात, मग वरण-भात कालवणं. भाकरी सगळ्यात शेवटी. भाकरीचा तुकडा एका हातानं मोडायचा तर अंगठा आणि दोन बोटांनी धरायची, तळव्यानं ताटात दाबायची आणि मनगट फिरवायचं. जन्मभर करत आलेल्या या गोष्टीत इतक्या हालचाली आहेत हे तोवर कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. बाराव्या दिवशी त्यांनी भाकरी मोडली. आईनं त्या दिवशी ठेचा मुद्दाम जास्त तिखट केला होता, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं असं तिनं सांगितलं.

या सगळ्या वाचण्या-ऐकण्यात मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस नॉर्वेचा आहे. आल्फ ब्रोडाल. मेंदूच्या रचनेवर आयुष्यभर काम केलेला शास्त्रज्ञ. 1972 च्या एप्रिलमध्ये त्यांना स्वतःलाच झटका आला आणि डावी बाजू गेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या आजाराची निरीक्षणं शास्त्रीय मासिकात छापली. त्यात गळ्यातला बो-टाय बांधण्याचा प्रसंग आहे. वर्षानुवर्षं बांधलेली गाठ. पण आता बोटांना पुढची चाल माहीतच नसल्यासारखं होत होतं. आणि दुबळा स्नायू हलवायला किती मानसिक कष्ट पडतात हे त्यांनी लिहिलं, म्हणजे हातापेक्षा मन आधी थकतं. मी हे अप्पांना वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्याला कळलंय बघ." इतक्या महिन्यांत आम्ही त्यांना "जोर लावा अप्पा, जोर लावा" म्हणत आलो होतो. त्या दिवसानंतर मी ते म्हणणं बंद केलं. पंधरा बटणं झाली की डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं, हा नियम तेव्हापासून आला, आणि वहीतले आकडे त्यानंतरच तीनशेच्या पुढे गेले.

हाताची परीक्षा घ्यायची एक पद्धत आहे, स्वीडनच्या फुगल-मेयर यांची, 66 गुणांची. अप्पांना पहिल्या महिन्यात 9 मिळाले होते. दिवाळीला 24. मे महिन्यात 45. नंतर एक-दोन गुणांच्या पलीकडे सरकलेलं नाही. थंडीत बोटं कडक होतात, करंगळी पूर्ण उघडत नाही, कात्री अजून चालत नाही. ती भिंतीवर टांगलेली आहे आणि तिच्याविषयी आम्ही बोलत नाही. पहिल्या तीन महिन्यांत काय ते होतं, असं लोक सांगतात. वेग त्या महिन्यांत जास्त असतो हे खरं. पण अप्पांचा हात सुटला पाचव्या महिन्यात आणि जेवायला लागला आठव्या महिन्यात. तीन महिने झाले म्हणून कुणी थेरपी बंद करत असेल तर त्याच्या हातापाया पडून सांगावंसं वाटतं, थांबू नका.

जून आला. शाळा उघडायच्या आधीचे आठ दिवस, दुकानाचा दरवर्षीचा हंगाम. या वर्षी दुकान बंद होतं, शटरवर चिठ्ठी. नातीच्या गणवेशाचा शर्ट मी बाजारातून तयार आणला. एक बटण पहिल्याच धुण्यात लोंबायला लागलं. मी सुई-दोरा घेऊन बसले तर अप्पा म्हणाले, "इकडं आण."

सुईत दोरा ओवायचं त्यांना जमत नाही. त्यांनी दोन वेळा प्रयत्न केला, मग सुई माझ्याकडे सरकवली. "एवढं दे करून." त्यांनी मागितलं होतं, म्हणून मी दिलं. शर्ट त्यांनी डाव्या हातानं गुडघ्यावर ताणून धरला. सुई उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात. वरून खाली टोचायची, खालून डाव्या हातानं ओढायची, पुन्हा वर. चार भोकांचं बटण. सुई तीन वेळा पडली. एकदा बोटात गेली, त्यांना ते उशिरा कळलं, रक्त दिसलं तेव्हा. मी मांडीखाली हात घेऊन बसले होते आणि नात माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होती. तिला मी डोळ्यांनीच दटावलं होतं, हात लावायचा नाही.

पस्तीस मिनिटं लागली. शेवटी त्यांनी दोरा दातानं तोडला. बटण बसलं होतं. मी ओढून बघितलं, पक्कं होतं. "अप्पा! किती छान बसलंय," मी म्हटलं, आणि मला आईला हाक मारायची होती.

अप्पांनी चष्मा नाकावर खाली घेतला. शर्ट उजेडात धरला. अंगठ्यानं बटण वर उचलून खालून बघितलं. "वेढे नाहीत," म्हणाले. बटण आणि कापडाच्या मध्ये दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यायचे असतात, म्हणजे बटण जरा उचलून राहतं आणि काज त्याच्याखाली बसतं. ते राहिले होते. शिवाय बटण ओळीतून गव्हाभर डावीकडे गेलं होतं. मला दिसलंही नसतं.

"असू दे की अप्पा, कोण बघतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तुरपाईचा टाका चुकवला की बघायचे तसं. मग सुईचं टोक दोऱ्याखाली घातलं आणि उजव्या हातानं, एकेक टाका, ते बटण उसवायला घेतलं. उसवून झाल्यावर त्यांनी सुई पुन्हा माझ्यासमोर धरली.

"दोरा घाल. दुहेरी घाल."